कुशनजवळची चीर

ते कापड मी फाडलं नव्हतं. तीस वर्षं उलटली, तरी स्नूकरचं टेबल दिसलं की पहिल्यांदा हेच मनात येतं.

पुण्यातला एक क्लब. मी सतरा वर्षांचा. हॉलमध्ये विल्सन जोन्स यांचा फोटो होता. पुण्यातच जन्मलेले जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले. नव्या मुलांनी स्क्रू मारायचा नाही, असा त्या हॉलचा नियम. मी चोरून मारायचो. पांढऱ्या बॉलला मध्याच्या खाली फटका दिला की तो उलटा फिरत जातो आणि समोरच्या बॉलला धडकून मागे येतो. त्या संध्याकाळी निळा पॉकेटमध्ये गेला, पांढरा हातभर मागे येऊन उभा राहिला, आणि नेमके सेक्रेटरी आत आले. त्यांना कापडावर चीर दिसली.

चीर वरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला लागून होती, बोटभर. माझा पांढरा टेबलाच्या मधोमध. बॉल कुशनला चिकटला असेल तर क्यू मागून उचलावी लागते, टोक खाली घुसतं, कापड फाटतं. मधोमध क्यू आडवीच राहते. टिपला खडू लावलेला असला आणि हात न अडखळता पुढे गेला की कापडाला धक्काही लागत नाही. मी चिरेवर बोट ठेवून हे सांगत राहिलो. गुण मांडणाऱ्या मार्करकाकांना हे सगळं ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत. चारशे रुपये दंड झाला. बाबांनी तो भरला आणि मला एका शब्दानेही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

हॉलच्या त्या नियमामुळे कित्येक गोष्टी मला फार उशिरा कळल्या. लांबच्या फटक्यात उलटी फिरकी कापडाच्या घर्षणाने वाटेतच जिरते, म्हणून पांढरा नुसता जागीच थांबवायचा असला तरी खालीच मारावं लागतं. साइड, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या बाजूला मारणं, तर त्याहून फसवी: उजवीकडे मारली की बॉल किंचित डावीकडे ढकलला जातो आणि नेम चुकतो. हे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवायला हवं, असं मी वर्षानुवर्षं तावातावाने म्हणत आलो.

आता दर रविवारी भाचीला शिकवतो. पहिले सहा महिने तिला स्क्रू बंद, साइड बंद. बरोबर मध्यावर मारून पांढरा कुठे जातो, हे तिला आधी दिसू दे. म्हणजे नियम बरोबरच होता, असं आज मला म्हणावं लागतं.

दंड मात्र चुकीचाच होता. क्लब चालवणाऱ्यांनो, पोराला दोषी ठरवण्याआधी चीर कुठे आहे आणि पांढरा कुठे आहे, एवढं वाकून पाहा.