जाऊन-येऊन

मराठीत प्रवासाला शब्द पुष्कळ आहेत. देवासाठी केला तर यात्रा किंवा वारी, हौसेने केला तर सहल, सफर, भटकंती, आणि परत येण्याची घाई नसेल तर मुशाफिरी. पोटासाठी आठवड्यातून पाच दिवस दूरच्या गावी जावे आणि रात्री घरी परतावे, याला मात्र आपल्या भाषेने नाम दिलेले नाही. ‘जाऊन-येऊन करतो’ एवढ्या क्रियापदावर आमची बोळवण होते.

आम्ही पुण्यात राहतो आणि मुंबईत शिकवतो. ‘मुंबईतच बिऱ्हाड का करत नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मुंबईतली घरभाडी ठाऊक असतात, पण घरातील दुसऱ्याची नोकरी पुण्यात असते आणि वृद्ध आईला तिच्या वाड्यातून उपटून नेता येत नाही, हे त्याच्या हिशेबात नसते. लोहमार्गाने हे अंतर 192 किलोमीटर आहे. वर्षाकाठी कामाचे दोनशे दिवस धरले तर 76,800 किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा. या प्रदक्षिणांत पाहिलेली गावे विचाराल तर लोणावळा, कर्जत आणि कल्याण, आणि तीही खिडकीतून.

1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनच्या राणी’बद्दल मराठी माणूस हळवेपणाने बोलतो. पासधारकांचे तिच्याशी नाते संसारासारखे आहे. डब्यात मटार सोलले जातात, हळदीकुंकू होते, खंडेनवमीला गाडीला झेंडूच्या माळा चढतात. त्याच डब्यात जागांचे अलिखित सातबाराही असतात आणि एखादा नवखा चुकून ‘आपल्या’ जागी बसला तर त्याला कोणत्या नजरेने उठवले जाते, हेही आम्ही पाहिले आहे. रोज एकत्र जाणारी माणसे कुटुंब होतात असे म्हणतात. कुटुंबाचा आप्पलपोटेपणाही त्यांच्यात येतो, एवढीच त्यात भर घालावी लागेल.

वाचन होते, हे खरे. शिवाजीनगर सुटल्यापासून लोणावळ्यापर्यंत प्रबंधाचे एखादे प्रकरण तपासून होते. बोरघाटात मात्र पुस्तक मिटावे लागते. बोगद्यांमागून बोगदे येतात, डोळे शिणतात. परतीच्या वाटेवर कर्जतला मागून जादा इंजिने लागतात आणि गाडी सदतिसास एक अशा चढाला भिडते. हा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. तो खोदताना हजारो मजूर अपघातांनी आणि रोगराईने मेले. तेही कामासाठीच घर सोडून आलेले होते. त्यांचे ‘येऊन’ तेवढे राहून गेले.

आमच्या अभ्यासक्रमांत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण सौंदर्यदृष्टी, निसर्गचित्रण, परसंस्कृतीचे दर्शन असे मुद्दे काढतो. परंतु या परंपरेच्या आरंभकाळी उभे असलेले ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मुळात पोटापाण्याच्या प्रवासाचे आहे, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले ते देशाटनासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि मथुरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही वार्ता होती. बंडाच्या धामधुमीत ते सापडले, हा पुढचा भाग. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’मध्येही मुंबईला आलेला कष्टकरीच बोलतो. मात्र तेथे मागे राहिलेल्या माणसाची आठवण हाच रचनेचा कणा आहे. प्रवासवर्णनात ही मागे राहिलेली माणसे क्वचितच दिसतात. जाणाऱ्याला अनुभव मिळतो. थांबणाऱ्याला काय मिळते, हे कोणी लिहीत नाही.

एका पावसाळ्यात आमची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले, मनगटाला प्लास्टर घालून घरी आणले, चहाही करून दिला. आम्हांला हे रात्री दार उघडल्यावर कळले. फोन का केला नाही, असे विचारताच ती सहज म्हणाली, “तू गाडीत असशील, म्हणून नाही कळवलं.” स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे वाटले असते. तक्रार ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याची करतात. 2020 च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या आणि आम्ही महिनोन्‌महिने घरी राहिलो, तेव्हा या वाक्याचा पूर्ण अर्थ उलगडला. दुपारच्या औषधाची वेळ, गॅस सिलिंडरचा दिवस, कोणत्या खुर्चीत कोण बसते, हे सारे घराने आमच्याविना नीट लावून घेतले होते. आमची अडचण अशी कोणालाच होत नव्हती, पण वेळापत्रकात आम्हांला थांबाही नव्हता.

गोडसे भटजींची कमाई वाटेत लुटली गेली. परंतु लिहावे असे पुष्कळ ते घेऊन आले आणि दोन तपांनंतरही ते त्यांना आठवत होते. आमचे नेमके उलटे आहे. वेतन महिन्याच्या महिन्याला सुखरूप घरी पोचते. पण गेल्या मंगळवारचा प्रवास त्याच्या आधीच्या मंगळवारपासून वेगळा काढून सांगा म्हटले, तर सांगता येत नाही. ज्या प्रवासाचे वर्णन होऊ शकत नाही, त्यात आमच्या आयुष्याचा एवढा मोठा वाटा जातो. विद्यार्थ्यांना हा वाङ्मयप्रकार शिकवताना आता आम्ही एक साधा प्रश्न फळ्यावर लिहितो: या प्रवासाच्या काळात घरी कोण होते? तासाभरात उत्तर येत नाही. काही जण मात्र पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडतात.