थांबण्याचे पैसे

सिप्लाच्या युसुफ हमीद यांची गोष्ट आमच्या घराघरांत अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ही कंपनी उभी केली. २००१ च्या फेब्रुवारीत मुलाने जाहीर केलं, की एचआयव्हीवरचा तीन औषधांचा उपचार आम्ही माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ. पाश्चात्त्य कंपन्यांचा तोच उपचार तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. भारतात बनलेल्या स्वस्त औषधांवर पुढे आफ्रिकेतली लाखो माणसं जगली. ‘गरिबांचं औषधालय’ हे आपल्या देशाला मिळालेलं नाव फुकटचं नाही.

पण अभिमानाची गोष्ट सांगताना तिचं पुढचं पानही उलटायला हवं. हीच आपली कंपनी स्वस्त औषध बाजारात ‘न आणण्याचा’ करार करते, तेव्हा काय म्हणायचं?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. मदनपुऱ्यातल्या आमच्या मोहल्ला कमिटीत जकातीच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अर्जांची रीघ लागते आणि त्यातले कितीतरी अर्ज परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या रुग्णांचे असतात. कुणी मालेगावचं, कुणी चिपळूणचं, कुणी थेट गोरखपूरहून आलेलं. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, तर कुणी हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर. प्रवास, जेवण, खोली यांचा खर्च जोडून होत नाही एवढा एकट्या औषधांचा होतो. देणाऱ्याने घाम गाळून कमावलेल्या पैशातला अडीच टक्के हिस्सा शेवटी गोळीच्या पाकिटावरच्या किमतीत विरघळतो. ती किंमत ठरते कशी, हे विचारणं म्हणूनच आपलंही काम आहे.

उशीर दोन प्रकारे लावला जातो. पहिला प्रकार उघड्यावरचा, कायद्याच्या लढाईचा. रक्ताच्या कॅन्सरवरचं ग्लिवेक आठवा. नोव्हार्टिसचं हे औषध महिन्याला सुमारे सव्वा लाखाचं होतं. देशी कंपन्या तेच दहा हजारांच्या आसपास देत होत्या. नोव्हार्टिसच्या पेटंटला महालक्ष्मीच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागता येत नाही, हे आपल्या कायद्याचं कलम ३(ड) तिथं कामी आलं. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून बायरच्या नेक्सावारवर सक्तीचा परवाना निघाला होता. महिन्याला २ लाख ८० हजारांचं औषध नॅटको कंपनी ८,८०० रुपयांत देऊ लागली.

दुसरा प्रकार बंद दाराआडचा आहे. अमेरिकेत जेनेरिक कंपनी मूळ कंपनीच्या पेटंटला आव्हान देते. पहिल्या आव्हान देणाऱ्याला १८० दिवस जेनेरिकचा बाजार जवळपास एकट्याचा मिळतो. मग मूळ कंपनी कोर्टाबाहेर हात पुढे करते: ‘खटला मागे घे, अमुक वर्षापर्यंत थांब, तुझं नुकसान मी भरून देते.’ पहिलाच थांबला की त्याच्या मागची रांगही अडते. दोन्ही कंपन्या फायद्यात राहतात आणि त्या फायद्याचे पैसे रुग्ण भरतो. अशा करारांमुळे ग्राहकांना दरवर्षी साडेतीन अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा अंदाज तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० साली मांडला होता.

भुलाभाई देसाई रस्त्यावर जिचं नोंदणीकृत कार्यालय आहे, ती ग्लेनमार्क अशाच एका खटल्यात सापडली. कोलेस्टेरॉलवरच्या झेटिया या औषधाचं जेनेरिक तिला आणायचं होतं. २०१० मध्ये तडजोड झाली आणि जेनेरिक बाजारात आलं २०१६ च्या डिसेंबरात. त्या बदल्यात मर्कने सुरुवातीच्या काळात स्वतःचं जेनेरिक न उतरवण्याचं वचन दिलं, असा खरेदीदारांचा आरोप होता. २०२३ मध्ये ग्लेनमार्कने चूक मान्य न करता ८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवलं. आणि आपली सिप्ला? रक्ताच्याच एका कॅन्सरवरच्या लेनालिडोमाइडबाबत तिने २०२० मध्ये सेल्जीनशी समझोता केला. आधी ठरावीक प्रमाणातच विक्री, मोकळी विक्री ३१ जानेवारी २०२६ नंतर. असा प्रत्येक समझोता बेकायदा नसतो, आणि हाही कुठल्या कोर्टाने बेकायदा ठरवलेला नाही. पण परळचा रुग्ण जे देशी औषध आधीपासून घेत होता, त्याची अमेरिकेतल्या रुग्णाला वाट पाहावी लागली. तो परका म्हणून त्याचा आजार हलका होत नाही.

संशोधनाला पैसा लागतो, म्हणून पेटंट हवं, हे मला मान्य आहे. माझी शंका साधी आहे. पेटंट भक्कम असेल तर कोर्टात जिंकाल. मग समोरच्याला थांबण्याचे पैसे कशाला देता?

आपल्या फिकहमध्ये ‘इहतिकार’ नावाचा शब्द आहे. भाव चढावा म्हणून लोकांच्या गरजेचा माल अडवून ठेवणं. जुन्या फकीहांच्या डोळ्यांसमोर धान्याची कोठारं होती. इथं कोठारात माल नाही, वेळ साठवलेला आहे. पण अडतो तो माणूसच.

मग करायचं काय? अमेरिकेत असे करार सरकारी यंत्रणेकडे दाखल करावे लागतात. आपल्याकडेही पेटंटच्या कोर्टाबाहेरच्या तडजोडींवर तशीच नजर हवी. दुसरं आपल्या हातातलं आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही त्याला हरकत घेऊ शकतं. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवू पाहणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या अर्जाला क्षयातून बऱ्या झालेल्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. नाहीतर त्या कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

जकातीचे आठ हक्कदार ठरलेले आहेत. वकिलाची फी त्यांत बसते का, यावर उलेमा बोलतील. सदक्याला ती अट नाही. एका रुग्णाची महिन्याची गोळी विकत घेणं सवाबाचं काम आहे. ती गोळी हजारोंसाठी स्वस्त व्हावी म्हणून लढणाऱ्याला चार पैसे देणं कमी सवाबाचं कसं असेल?