तोंड बाहेर

परवा मामेभावाशी फोनवर बोलत होतो. मागून मामाजींचा आवाज आला, "गाडीचं तोंड बाहेर केलं का रे?" मला हसूच आलं. बार्शीटाकळीच्या त्या अंगणात सायकल असो, बंडी असो की मोटरसायकल, घराकडे तोंड करून उभी केलेली मामाजींना चालत नाही. लहानपणी आम्ही याला मिलिटरी खाक्या म्हणायचो.

मामाजी तोफखान्यात ड्रायव्हर होते. त्यांची गाडी म्हणजे ग्रॅड बीएम-२१. रशियन उरल ट्रक, सहा चाकं, सहाही चाकांना इंजिनाचा जोर, आणि मागे हौद्याच्या जागी १२२ मिलिमीटरच्या ४० नळ्या. चाळीसही रॉकेटं २० सेकंदांत सुटतात आणि साधारण २० किलोमीटरपर्यंत जातात. रणगाड्यासारखं चिलखत मात्र नाही. शेवटी ट्रकच तो! मग जीव वाचवायचा कसा? तर निघून जाऊन. रॉकेटं सुटताना इतका जाळ आणि धुरळा उठतो की शत्रूला जागा कळणारच. त्याचे गोळे तिथे पडायच्या आत ट्रक हललेला पाहिजे. म्हणजे गाडी उभी करतानाच निघायची वाट ठरलेली हवी. ते काम ड्रायव्हरचं.

१९९९ साली कारगिलमध्ये बोफोर्स तोफांबरोबर ग्रॅडही होत्या, आणि मामाजीही. सुट्टीवर आले तेव्हा लोकांनी हार घातले. कोणीतरी विचारलं, "किती रॉकेटं उडवले?" तर म्हणाले, "म्या कायचे उडोतो? म्या गाडी चालोली." मी फार हिरमुसलो. शाळेत मी भलतंच काही सांगून ठेवलं होतं ना!

मामाजी रिटायर होऊन शेती करायला लागले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. गहू आडवा झालेला, हरभऱ्याचे घाटे मातीत. आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून कुठेतरी वाचलेलं सांगून टाकलं, "मामाजी, तुमच्या गाडीचं नाव आहे ना, ग्राद, रशियनमध्ये त्याचा अर्थ गारपीट."

बोलल्यावर वाटलं, ही काय वेळ होती सांगायची!

मामाजी बराच वेळ वावराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरोबर नाव ठेवलं."

आणि थोड्या वेळाने, "आमी तं निंघून जाओ बाप्पा. कुठी पडलं, कोनाच्या वावरात पडलं, कधी पाह्यलंच नाई."

कारगिलच्या त्या उघड्या डोंगरांवर वावर कुठलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. वर चढणाऱ्या आपल्या पायदळाला त्याच माऱ्याचा आधार होता, हेही म्हणता आलं असतं. मामाजींना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. पण ग्रॅड एक ठिकाण नेमकं टिपत नाही, अख्ख्या पट्ट्यावर कोसळते, गारांसारखीच. हेही त्यांना माहीत आहे. मी गप्प बसलो.

आता मामेभाऊ त्यांना मोबाईलवर पिनाकाचे व्हिडिओ दाखवतो. पुण्याच्या एआरडीईने विकसित केलेली ही प्रणाली, आठ चाकी ट्रकवर १२ रॉकेटं, ४४ सेकंदांत सगळी सुटतात. मामाजी कौतुकाने पाहतात. रॉकेटं दिसेनाशी झाली की भाऊ व्हिडिओ बंद करायला जातो, तेव्हा ते त्याचा हात धरतात. "थांब, गाडी निंघू दे."

त्या दिवशी धुऱ्यावरून मात्र ते लवकर उठले नाहीत. मोटरसायकल बाजूलाच होती, रस्त्याकडे तोंड करून. अंधार पडल्यावर आम्ही घरी आलो.

असो. दिवाळीला बार्शीटाकळीला जाणार आहे. गाडी कशी लावायची, हे या वेळी मला सांगावं लागणार नाही.