गुरुजींच्या घरी विचारलंस का?

चि. भाचेबुवा यांस,


तू कॉम्प्युटरवर आपल्या दिवंगत गुरुजींच्या आवाजात बनवून पाठवलेलं गाणं काल रात्री तुझ्या आईने मला फोनवर ऐकवलं. रडत होती. गुरुजी परत गायला लागले, म्हणाली. मी विचारलं, गाण्यात नाव कुणाचं? तर तुमच्या वॉर्डातल्या त्या उमेदवाराचं. गुरुजी गेले तेव्हा हा गडी चड्डीत फिरत होता! फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून कागद घेतला.

तू विचारलंस तेवढं आधी सांगून टाकतो. चाल झकास आहे, ढोलकी खोटी वाटते. खऱ्या गायनपार्टीत तिसऱ्या कडव्याला वाजवणाऱ्याचा हात जरा मागे पडतो, कोरसवाले त्याला सांभाळून घेतात आणि मुखड्याला सगळे मिळून सम गाठतात. तुझ्या गाण्यात कुणी दमतच नाही. वरचा सूर लावण्याआधी गुरुजी 'हां जी' म्हणून श्वास घ्यायचे, छातीचा त्रास होता त्यांना. तुझ्या कॉम्प्युटरने तो 'हां जी'सुद्धा उचललाय आणि भलत्याच ठिकाणी टाकलाय. ज्याला दम लागत नाही त्याला श्वास कशाला हवा?

आता माझा प्रश्न. गुरुजींच्या घरी विचारलंस का?

'मामा, श्रद्धांजली आहे' असं म्हणू नकोस. श्रद्धांजलीत मत मागत नाहीत. ए. आर. रहमानने 'लाल सलाम' या चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज असेच वापरले, पण घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसं जाहीर सांगितलं. २०२४मध्ये अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि त्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना कोर्टाने चाप लावला. त्याला वकील परवडतो. गुरुजींच्या मागे राहिलेल्या आमच्या वहिनींना साधा रिक्षाचा खर्च परवडत नाही. कायद्याने गायकाचा हक्क पन्नास वर्षं टिकतो, २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीही दिली. पण आमच्या गायनपार्टीतल्या कुणी कधी करार पाहिलाय? कॅसेटवाला यायचा, हातावर एकरकमी पैसे ठेवायचा, चहा पाजायचा. पुढे कॅसेट गावोगाव वाजायची आणि गाणारा शेतावर मजुरीला.

तुझ्या आजोबांच्या पिढीने महारवतनाची वेठ पाहिली. हाक आली की निघायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. बाबासाहेब ते वतन मोडायला आयुष्यभर भांडले, कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आणि आता मेलेल्या माणसाचा गळा वेठीला धरता? गुरुजींच्या सगळ्या कॅसेट तू त्या कॉम्प्युटरला ऐकवल्यास, त्याने सूर शिकून घेतला, पैसे सॉफ्टवेअरवाल्याला गेले, थोडे तुला मिळाले. ज्याचा गळा, त्याचं घर कोरडंच.

तंत्रज्ञानावर माझा राग नाही, मला म्हातारा ठरवायची घाई करू नकोस. प्रल्हाद शिंदे घराघरांत पोचले ते कॅसेटमुळेच. कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या, कुणी तरी मोबाइलवर टिपलं आणि सगळा महाराष्ट्र ऐकू लागला. पण तिथे कुणी तरी गायलं होतं रे! वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले, वस्तीवर मुक्काम करून गायले. विठ्ठल उमप तर २०१०मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावर सरकारने बंदी घातली, कारण गाणारा समोर उभा होता. त्याला पकडता येत होतं, जाब विचारता येत होता. आमच्या पार्टीलाही बाया मधेच उठून विचारायच्या, शाहीर, दारू सोडा म्हणून गाता, तुमचा पेटीवाला काय पिऊन आलाय? मग पेटीवाल्याची मान खाली. तुझ्या गाण्याला असा सवाल कोण करणार, आणि जबाब कोण देणार?

मला खरी भीती वेगळीच आहे. आज गुरुजींनी पाणी, गटार आणि समाजमंदिराचं गायलं. उद्या पलीकडच्या मोहल्ल्याला शिवी घातली तर? त्यांच्या आवाजाची तुझी फाइल किती जणांकडे गेली, तुला तरी ठाऊक आहे का? वस्ती त्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवते, तुझ्या आईचंच बघ ना. दगड पडले की सॉफ्टवेअरवाला येणार नाही, पोलिस तुझ्या दारात येतील.

रविवारी आईला घेऊन वहिनींकडे जा. गाणं आधी त्यांना ऐकव. त्या नको म्हणाल्या तर तिथल्या तिथे पुसून टाक, हो म्हणाल्या तर उमेदवाराकडून पैसे आधी त्यांच्या हातात दे. 'नंतर बघू' चालणार नाही.

आणि एक. १४ एप्रिलला तुमच्या चौकात दरवर्षी ती पोरांची गायनपार्टी बसते, दोन ढोलक्या आणि ती जाड आवाजाची मुलगी. यंदा गाडीवर तुझं गाणंच वाजवायचं ठरलंय, म्हणून त्यांची सुपारी रद्द झाली असं ऐकलं. खरं आहे का? लगेच कळव.

तुझा,
मामा