माळ्यावरची पेटी

मैत्रिणींनो, परवा दुपारी महालातल्या आमच्या घरी कूलरसमोर बसून नातीच्या मोबाईलवर 'कुंकू' पाहिला. १९३७ चा 'प्रभात'चा बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायचं साफ नाकारते. नीरेचं काम शांता आपटेंचं, आणि गाणीही त्यांच्याच गळ्यातली. एक तर चक्क इंग्रजी कविता! नात म्हणाली, "आजी, ही तर कुणालाच भीत नाही गं!"

पडद्याबाहेरही त्या भ्यायल्या नाहीत. १९३९ मध्ये कंपनीशी बिनसलं, तेव्हा पुण्यात 'प्रभात'च्या फाटकाशीच उपोषणाला बसल्या. १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमांत?' असं पुस्तकही लिहिलं. काय बाप्पा हिंमत!

आणि मी? लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा बाजाची पेटी सोबत आणली होती. "इथे कशाला ती?" असं कुणीसं एकदा म्हटलं आणि पेटी माळ्यावर गेली. बंदी कुणी घातली नव्हती हो. मीच कधी विचारलं नाही.

काल ती खाली काढली. दोन सूर वाजत नाहीत, भाता फाटलाय. दुरुस्तीला दिली आहे. तुमच्या माळ्यावर काय आहे, बघा बरं!