आठशेचं इंजिन उतरवण्याआधी

मयूर विहार फेज 1, दिल्ली

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

गाडी रस्त्यावर काढता येत नाही, तर तुझे काका तिचं इंजिन खोलायला का निघालेत, असं तू विचारलंस. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र.

दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायच्या नाहीत, हा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. मारुती 800 ची गोष्ट तर त्याआधीच संपत आली होती. एप्रिल 2010 पासून दिल्लीसह तेरा शहरांत बीएस-4 लागू झालं, 800 त्या नियमात बसत नव्हती आणि इथली तिची विक्री थांबली. त्यामुळे दिल्लीत विकल्या गेलेल्या शेवटच्या 800 नेही आता पंधरा वर्षं ओलांडली आहेत. काकांची तर 1997 ची, कार्ब्युरेटरवाली. तिच्यापुढे दोनच वाटा: भंगार, नाहीतर ना हरकत प्रमाणपत्र घेऊन एनसीआरबाहेर नवी नोंदणी. काकांनी दुसरी धरली. पण नव्या नोंदणीसाठी तपासणी असते आणि सायलेन्सरमधून निळा धूर सोडणारी गाडी तिथे कोण पास करणार? निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. सगळा बेत त्या तपासणीपासून उलटा आखलाय.

या गाडीत एवढं काय आहे, ते तुमच्या पिढीला सांगावं लागतं. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या 800 ची किल्ली इंदिरा गांधींनी ग्रीन पार्कच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. त्यांनी ती गाडी विकली नाही. 2010 मध्ये ते गेले आणि पुढे ती घराबाहेर ऊनपावसात गंजत राहिली. नंतर कंपनीने ती मुळाबरहुकूम दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. ती गंजत असल्याची बातमी काकांना फार लागली होती. त्या गाडीच्या मागे कंपनी उभी राहिली. आपल्याकडे आहे डीडीए फ्लॅटचं स्कूटर गॅरेज.

आणि त्या गॅरेजात हे इंजिन मावतं! तीन सिलिंडर, 796 सीसी, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, वर एकच कॅमशाफ्ट. घरी शिकायला याहून सरळ इंजिन मिळणार नाही, असं काका म्हणतात आणि मला ते पटतं.

अजून एकही बोल्ट सैल केलेला नाही. आधी कंप्रेशन तपासलं. प्लग काढायचे, त्या भोकात गेज बसवायचा, स्टार्टर फिरवायचा. आकडा कमी आला की त्याच भोकातून चमचाभर ऑइल ओतून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर दोष रिंगांत नाहीतर सिलिंडरच्या भिंतीत, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजते. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघायचं. आपल्या गाडीत मधल्या सिलिंडरचा आकडा चांगलाच चढला.

म्हणजे ब्लॉक बोअरिंगला जाणार. हे घरचं काम नव्हे. सिलिंडर मुळात 68.5 मिलिमीटरचा, पिस्टनचा स्ट्रोक 72. भिंती किती आणि कशा झिजल्यात ते लेथवाला मोजेल, त्यावर पाव मिलिमीटर ओव्हरसाइज की अर्धा ते ठरेल. अर्धा घेतला तर 69 होतात आणि इंजिन 796 चं जवळजवळ 808 सीसी होतं. वहीत काकांनी हा हिशेब अधोरेखित करून ठेवलाय. मात्र मोजमाप हाती येईपर्यंत पिस्टन विकत घ्यायचे नाहीत, यावर ते ठाम आहेत. उत्साहाच्या भरात काश्मिरी गेटच्या बाजारातून आधी पिस्टन आणायचे आणि मग त्यांच्या मापाने ब्लॉक कापायचा, ही उलटी गंगा. क्रँकचंही तेच: ग्राइंडिंग किती करावं लागलं ते कळल्यावरच बेअरिंगचे शेल.

दुसरं इंजिन आणून बसवणं स्वस्त पडेल, असं इथे प्रत्येकजण सुचवतो. पण इंजिनचा नंबर आरसीवर असतो. तो बदलला की आरटीओची मंजुरी आली, आणि आधीच नोंदणी दुसरीकडे न्यायची असताना तो घोळ कशाला? शिवाय काकांना हेच इंजिन हवंय, आणि या कारणालाही मी कमी लेखत नाही.

हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने बघणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं, सगळं धुऊन जोडणं, टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवणं, हे घरी होईल. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्कच्या पान्यानेच आवळायचे. तो पाना आणलाय.

तू येणार असशील तर येताना प्लास्टीगेजची हिरवी पाकिटं आण, दोन पुरेत. मेणासारखा बारीक दोरा असतो. क्रँक आणि शेलच्या मध्ये ठेवून कॅप पूर्ण आवळायची, पुन्हा खोलायची आणि दोरा किती पसरला ते पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून बघायचं. हिरव्याने 0.025 ते 0.076 मिलिमीटरपर्यंतची फट मोजता येते. लाल आणू नकोस, तो मोठ्या फटींसाठी असतो. आणि तिकीट काढलंस की तारीख कळव, ब्लॉक लेथवाल्याकडे कधी टाकायचा ते त्यावर ठरेल.

तुझी,
काकू