ढवळ्याशेजारी

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण अलीकडे मनातून हलत नाही. रंग रक्ताचा, वागणं शेजाराचं. कशी निवांत वाटणी करून ठेवली आहे!

आमच्या पिरनवाडीच्या शिवारात आता ट्रॅक्टर फिरतात, पण औत धरलेल्या कुणालाही विचारा. जुवाच्या डाव्या अंगाला शिकवलेला बैल उजवीकडे जुंपला की अडतो. बघणाऱ्याला वाटावं, हा उपजतच डावा. म्हणजे गुण लावावा तसा लागतो. पण एकाच गाईची, एकाच दावणीची दोन खोंडं बघावीत, तर एक गरीब निघतं आणि दुसरं मारकं. त्यांना कुणी शिकवलं?

आणि म्हण एक गोष्ट सांगतच नाही. ढवळ्या काय, पवळ्या काय, दोघेही बैल आहेत, वळू नव्हेत. आधी त्यांना खच्ची केलं जातं, मग आपण म्हणतो, बैल स्वभावानंच सोशिक. वाण की गुण, हा वाद सुरू होण्याआधीच माणसाचा हात फिरून गेलेला असतो. ‘पोरीसारखा रडतोस काय?’ हे तीन वर्षांच्या पोराला ऐकवणारं तोंड मला त्याच हाताच्या जातीचं वाटतं.

आमच्या भागातून बैलगाड्या सौंदत्तीच्या डोंगराला जात. तिथल्या यल्लम्मादेवीनं या वादाला तिसरंच उत्तर दिलं आहे. मुलगा लुगड्याकडे ओढला गेला की ‘आईनं धरलं’ म्हणायचं. दोष ना रक्ताला, ना वळणाला. तो देवीला वाहिलेला जोगता होतो, डोक्यावर तिची मूर्ती, म्हणजे जग, घेतो, त्याला जागा मिळते. ती जागा सुखाचीच असते असं नाही. बळ्ळारीकडच्या अशाच मंजम्मा जोगतींना देवीला सोडलं आणि पुढे घरही सुटलं. जोगती नृत्यानं त्यांना उभं केलं. 2019 मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

पण त्याच आईला मुलीही सोडल्या गेल्या. केसांत जट झाली, म्हणजे बोलावणं आलं. जट होते केसांचा गुंता सुटला नाही म्हणून. बोलावणं बहुतेकदा घरातल्या दारिद्र्याचं असे. हे मुली सोडणं थांबवायला कर्नाटकाला 1982 मध्ये कायदा करावा लागला.

मला वाटे, फरक सोपा आहे: जोगत्याचं आतून आलेलं, मुलीवरचं बाहेरून लादलेलं. पण जटेपायी मुलगेही सोडले गेले. जन्मभर लुगडं नेसलेला असा एखादा जोगता आज म्हणाला, ‘मी बाईच’, तर ते बोलणं कुणाचं? मी म्हणेन, त्याचंच. दुसऱ्या कुणाला ते ठरवायचा हक्क नाही. मग लहानपणी सोडलेली एखादी म्हातारी म्हणाली, ‘मी आईचीच, मला दुसरं काही नकोच होतं’, तर तिचंही तसंच मानायला हवं. तिथे मात्र माझी मान हलत नाही, आणि का हलत नाही हे मला धडपणे सांगता येत नाही.